बंड्याची पाठराखीण

दादा आजारी पडला त्या उन्हाळ्यात बंड्या माझ्या वाट्याला आला. बंड्या म्हणजे सरडा. कुंपणावर मान हलवत बसतो तो साधा सरडा नव्हे, रंग बदलणारा. त्याला आमच्याकडे सरडगुहिरा म्हणतात. पण हा परदेशी जातीचा होता. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा, पायांचे चिमटे, शेपटीची जिलेबी आणि दोन दिशांना वेगवेगळे फिरणारे डोळे. दादाच्या एका मित्राला नोकरीसाठी बंगळुरूला जावं लागलं, तेव्हा जाळीच्या उभ्या पिंजऱ्यासकट हा प्राणी आमच्या लालबागच्या खोलीत येऊन पडला. बाबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या पालीकडे बघितलं आणि ते जेवायला बसले. आईने मात्र पिंजरा आपल्या ओट्यापासून जितका लांब जाईल तितका लांब, गॅलरीच्या खिडकीपाशी सरकवला.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. उन्हाळा म्हणजे आमच्याकडे मसाल्याचा मोसम. खालच्या गल्लीत मिरच्या कुटणारे डंख, म्हणजे लोखंडी मुसळांची यंत्रं, सकाळपासून धडधडत असायचे आणि त्यांच्या तालावर आमच्या मांडणीतली भांडी हलकी हलकी वाजायची. आई तिथल्याच एका दुकानात मिरच्या आणि धणे भाजायला जायची. संध्याकाळी ती घरी आली की तिच्या पदराबरोबर मिरचीचा तो सगळा खाट, तो ठसका आत यायचा आणि आम्ही सगळे शिंकायचो. बाबा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. आजोबा ज्या गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते, तिच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या लिफ्ट बाबांच्या ताब्यात होत्या. मला ते त्या वयात विशेष वाटलं नाही. आता त्या रस्त्याने जाताना वाटतं.

बंड्याचं सगळं दादाच करायचा. त्याच्यासाठी एका डब्यात जिवंत रातकिडे ठेवलेले असत. ते किर्र ओरडायचे, आणि आमच्या वारा नसलेल्या खोलीत गावच्या घराचा आवाज यायचा. बंड्या वाटीतलं पाणी पीत नसे, पानांवरचे थेंबच चाटायचा. म्हणून दादा इस्त्रीच्या फवाऱ्याने त्याच्या झाडावर पाणी मारायचा. मी लांबून बघायची. मला त्याला हात लावायची हिंमत नव्हती आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती.

मग दादाला ताप यायला लागला. अंगावर मार न लागता निळे डाग उठले. आधी डेंग्यू म्हणाले, मग दुसऱ्या तपासण्या झाल्या, आणि एके दुपारी बाबा कामाच्या वेळेत घरी आले. बाबा दुपारी घरी, यावरूनच मला कळलं. रक्ताचा कॅन्सर हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी एकदाच उच्चारला गेला. त्यानंतर सगळे त्याला ‘ट्रीटमेंट’ म्हणायला लागले.

परळच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आईबाबांना समोर बसवून सगळं समजावलं. औषधांनी दादाची प्रतिकारशक्ती पार खाली जाणार होती. कच्चं काही द्यायचं नाही, बाहेरचं पाणी नाही, गर्दी नाही. शेवटी त्यांनी विचारलं, घरात पाळीव प्राणी आहे का. आईने सरडा सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. अशा प्राण्यांच्या विष्ठेत जे जंतू असतात ते आपल्याला फार काही करत नाहीत, पण तुमच्या मुलाच्या ते जिवावर बेतू शकतात, असं ते म्हणाले. आई घरी आली ती फिनेलची बाटली घेऊनच. तिने खोली घासली, गॅलरी घासली, खिडकीचे गज घासले. घासता घासता तिच्या बोटांची सालं निघाली. मग ती उठून म्हणाली, “हे आजच्या आज जायला हवं. आणि याला जो हात लावेल, त्याने माझ्या मुलाजवळ यायचं नाही.”

देणार कुणाला? दादाचा मित्र फोन उचलेना. दुकानवाले नको म्हणाले. कुणीतरी कुठल्याशा बागेत सोडून द्या म्हणालं. दादा पलंगावर भिंतीकडे तोंड करून हे सगळं ऐकत होता. बाकीचे बाहेर गेल्यावर त्याने मला हाक मारली. त्याचे ओठ सुकले होते. “मनू, तू सांभाळशील?” तो म्हणाला. “सोडला तर कावळे एका दिवसात मारतील त्याला. त्याला पळताच येत नाही.”

मी हो म्हटलं. त्या क्षणी मी नाही कशी म्हणणार होते? पण या होचा अर्थ काय, ते मला संध्याकाळी कपड्यांची पिशवी भरताना कळलं. माझी दहावीची परीक्षा झाली होती, शाळा नव्हती. ॲन्टॉप हिलला केंद्र सरकारच्या क्वार्टर्समध्ये बाबांची बहीण, माझी शुभाआत्या, एकटी राहायची. बंड्या तिच्याकडे जाणार आणि त्याला बघायला मीही तिथेच राहणार. बाबा टॅक्सीत पिंजरा ठेवताना केविलवाणं हसले आणि म्हणाले, नवरीबरोबर पाठराखीण जाते तशी जा. मी मागे वळून गॅलरीकडे बघितलं. दादा तिथे उभा राहू शकत नव्हता आणि आई उभी राहिली नाही.

आत्या एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होती. तिच्या घरात चादरीला सुरकुती नसायची आणि चपला दाराबाहेर एका रेषेत असायच्या. टॅक्सीच्या धक्क्यांनी बंड्या काळाठिक्कर पडला होता. गळा फुगवून, तोंड उघडून तो फिस्कारत होता. दार उघडून आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. तिला सगळं फोनवर सांगितलेलं होतं, तरी तिच्या तोंडून गावच्या बोलीत गेलंच, “ह्यां काय हाडलंस गो?” हे काय आणलंस? मग तिने बंदिस्त बाल्कनीतले पापडांचे डबे उचलले आणि पिंजऱ्याला जागा करून दिली. रात्री पानात कुळथाची पिठी आणि भात वाढला. मला घास गिळवेना. ती म्हणाली, रडायचं असेल तर आधी रड, पिठी परत गरम करता येते. मी रडले नाही. त्या उन्हाळ्यात मला रडूच यायचं नाही.

सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. पिंजरा साफ करायचा तर बंड्याला बाहेर काढणं भाग होतं, आणि मी हात आत घातला की तो माझ्यावर तुटून पडायचा. एकदा मी धीर करून त्याला वरून धरलं. त्याने अंगठ्याला चावा घेतला, मी हात झटकला आणि तो फरशीवर पडला. चपटा, काळा, डोळे मिटून. मला वाटलं, संपलं. मी तिथेच गुडघ्यांवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्याचा एक डोळा उघडला आणि माझ्याकडे वळला, दुसरा दाराकडे.

मी दादाला फोन केला. पडल्याचं सांगितलं नाही, चावतो एवढंच सांगितलं. दादाच्या तोंडात औषधांनी फोड आले होते, त्याला एकेक शब्द जड जात होता. तरी त्याने सांगितलं. वरून हात नेऊ नकोस, वरून जे येतं ते घार असते असं त्याला वाटतं. हात खालून ने, फांदीसारखा धर आणि थांब. त्याला धरायचं नाही, त्याला चढू द्यायचं. डोळ्यांत बघू नकोस. आणि घाई करू नकोस. “तो भित्रा आहे गं,” तो म्हणाला. “रागीट नाही.”

मग मी रोज दुपारी बाल्कनीत पिंजऱ्याचं दार उघडून हात आत धरून बसायला लागले. तोंड दुसरीकडे करून. खाली कॉलनीत वाळवणावर हाकलले जाणारे कावळे, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या, आत्याच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. हाताला मुंग्या यायच्या. बंड्या लांबच्या फांदीवर पानासारखा डुलत बसायचा. एक दिवस मनगटाला काहीतरी थंड आणि खरखरीत लागलं. मी हात हलवला नाही. एक पाय, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा पाय. तो माझ्या हातावरून कोपरापर्यंत चालत आला आणि तिथे थांबला. हळूहळू त्याचा काळा रंग फिटला आणि कोवळा हिरवा वर आला. मी दुसऱ्या हाताने कसाबसा फोटो काढला आणि दादाला पाठवला. त्याने उत्तरात एक हसरा चेहरा पाठवला. तो मी कितीतरी वेळा उघडून बघितला.

हे सुख थोडेच दिवस टिकलं. बंड्याने खाणं सोडलं. रातकिडा नाकासमोरून गेला तरी तो बघेना. दिवसभर जाळीवर वर-खाली करायचा, तळाशी उतरून नखांनी पत्रा खरवडायचा. त्या खरखरीने माझ्या अंगावर काटा यायचा. अंगावर गडद रंग आणि त्यात पिवळे-निळे ठिपके उठले, पूर्वी मी ते कधीच बघितले नव्हते. पोट एका बाजूने टणक आणि ओबडधोबड दिसू लागलं. मी दादाला फोन लावला. फोन आईने उचलला. दादाला खूप ताप आहे, त्याला वेगळ्या खोलीत हलवलंय, आता फोन करू नकोस, एवढं सांगून तिने ठेवून दिला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

आता विचारायला कुणी उरलं नाही. माझ्या मनाने तेव्हा एक गाठ मारली. बंड्या जगला तर दादा जगेल. एकदा ही गाठ बसल्यावर ती सुटेना. एवढं आयुष्य गेल्यावर मला माहीत आहे की सरड्याचा आणि माणसाच्या रक्ताचा असा काही संबंध नसतो. पण त्या मुलीला हसायची माझी अजूनही छाती होत नाही. तिच्या हातात करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. ती फवाऱ्याने पाणी मारत होती, जास्वंदीची पानं देत होती आणि तो प्राणी पाठ फिरवून पत्रा खरवडत होता.

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करत सुटले. आम्ही कुत्री-मांजरं बघतो, एकजण म्हणाले. दुसऱ्याने सरडा ऐकून फोनच ठेवला. आत्या ऑफिसला निघाली होती, पायात चपला होत्या. मी तिसऱ्या माणसाच्या विनवण्या करत होते ते तिने ऐकलं असावं. तिने चपला काढल्या, रजेचा फोन केला आणि माझ्या हातातून फोन घेतला. तिचा सरकारी आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाकडून तिने ‘मग कोण बघतं’ हे काढून घेतलं, आणि असं करत करत दादरच्या एका डॉक्टरबाईंपर्यंत पोचली. त्या पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघत. टॅक्सीत पिंजरा या वेळी आत्याने मांडीवर घेतला. वरून तिने आपली ओढणी टाकली, त्याला रस्ता दिसू नये म्हणून.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी बंड्याला माझ्याच हातावर राहू दिलं, पोट चाचपलं, मागच्या पायांच्या टाचा बघितल्या आणि मला विचारलं, याला नर कुणी सांगितलं? नराच्या टाचेला जन्मापासून एक छोटा काटा असतो, तो इथे नाही. मग एक्स-रे काढला. त्या काळ्या फिल्मवर बंड्याचं सगळं पोट पांढऱ्या गोल ठिपक्यांनी गच्च भरलेलं होतं.

“अंडी आहेत,” त्या म्हणाल्या. “नराशिवायही माद्या घालतात. पण हिला पुरायला माती लागते. माती मिळत नाही, म्हणून ती अडवून धरून बसली आहे.”

मी विचारलं, नाही घातली तर? त्यांनी आत्याकडे बघितलं आणि मग मलाच उत्तर दिलं. ऑपरेशन करता येतं, पण ही फार अशक्त झाली आहे, तिला भूल सोसेल असं मी सांगू शकत नाही. त्यांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. ओलसर वाळू-माती द्या, खोल, बीळ केलं तर ढासळणार नाही अशी. आणि तिच्याकडे बघू नका. कुणी बघतंय असं वाटलं तर ती खणणं अर्धवट सोडेल, आणि परत जमेलच असं नाही.

कॉलनीत एका इमारतीचं प्लास्टर चाललं होतं. कधी कुणाकडून विरजणसुद्धा न मागणारी माझी आत्या तिथल्या मुकादमाकडे गेली आणि पाटीभर वाळू घेऊन आली. आपली अंघोळीची मोठी बादली रिकामी केली. आम्ही दोघींनी कुंडीतली माती आणि वाळू कालवली, मुठीत दाबून दाबून ओल बघितली. बादली पिंजऱ्यात बसेना, तेव्हा बंड्यालाच बादलीत ठेवलं आणि बादलीसकट सगळ्याला आत्याच्या जुन्या साडीने वेढून टाकलं. बाल्कनीचं दार लोटलं आणि आतल्या खोलीत जमिनीवर बसलो. बराच वेळ काहीच नव्हतं. मग वाळू सरकल्याचा आवाज आला. आत्याने माझा हात दाबला.

तेवढ्यात आईचा फोन आला. “मनू,” ती म्हणाली, “अंघोळ कर, स्वच्छ कपडे घाल आणि ये.”

जिने मला जवळ येऊ नको म्हणून सांगितलं होतं, ती आता ये म्हणत होती. याचा अर्थ काय होतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी उठले आणि परत बसले. लोटलेल्या दाराकडे बघत राहिले. आत्या म्हणाली, तू जा, मी इथून हलणार नाही. मी म्हटलं, तू बघशील तिच्याकडे, मग ती खणणं थांबवेल. आत्या उठली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, “बघ, अशीच बसतंय. जा तू.”

दादाच्या खोलीच्या दाराला छातीच्या उंचीवर काच होती. आत एक माणूस झोपला होता. केस नव्हते, भुवया नव्हत्या, चादरीखाली अंग आहे की नाही कळत नव्हतं. मी दादा शोधत होते आणि मला तो दिसत नव्हता. मग त्याने डोळे उघडले. काचेपलीकडून त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण शब्द एकच होता, तो मी ओळखला. बंड्या.

आई माझ्या शेजारी उभी होती. त्याला बरं वाटेल असंच सांग, ती हळूच म्हणाली. मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं मोठं होतं, काचेतून सांगता येण्यासारखं नव्हतं. मी हाताने माझ्या कपाळावर टिकली दाखवली. दादाला कळेना. मी पोटावर हात गोल फिरवला, दोन्ही हातांनी अंड्याचा आकार केला, मग परत टिकली. दादा बघत राहिला. आणि मग त्याला कळलं. तो हसायला लागला. तोंडातल्या फोडांनी ते हसू त्याला भाजत असणार, कारण तो हसता हसता चेहरा वेडावाकडा करत होता, गालावर हात दाबत होता आणि तरीही थांबत नव्हता. आत मास्क लावलेली नर्स त्याच्याकडे वळून बघू लागली. आईने माझा खांदा धरला. तिने बऱ्याच दिवसांत त्याला हसताना बघितलं नव्हतं. काय सांगितलंस, काय सांगितलंस त्याला, असं ती विचारत राहिली. इतके दिवस न आलेलं सगळं रडू त्या कॉरिडॉरमध्ये बाहेर आलं. आईने मला पोटाशी धरलं. तिच्या साडीला मिरचीचा वास नव्हता, हॉस्पिटलचा साबण होता.

संध्याकाळी बाबांनी मला ॲन्टॉप हिलच्या टॅक्सीत बसवलं. थांबून काही होण्यासारखं नव्हतं, आत कुणाला सोडत नव्हते. आत्याने दार उघडलं ते हाताला वाळू लागलेली असतानाच. सगळी घातली, ती म्हणाली. आवाज थांबल्यावर मी साडी सरकवून बघितलं, तर वर येऊन स्वतःच माती लोटून खड्डा बुजवला होता; मग चढायला गेली आणि पडली, तेव्हा मी उचलली. माझ्या आत्याने, जी झुरळाला बघून पलंगावर चढायची, तिने. बंड्या फांदीवर होती. कातडी लोंबलेली, डोळे खोल गेलेले, तोंडाला चिखल. मी पानांवर पाणी मारलं. तिने थेंब चाटला, मग दुसरा. पीतच राहिली. आम्ही दोघी उभ्या राहून बघत होतो. आता बघितलं तर चालणार होतं.

त्यानंतरचा दिवस मी फोन समोर ठेवून काढला. तो वाजला तेव्हा दुपार झाली होती. पलीकडे आई होती, पण ती नुसतीच हुंदके देत होती, आणि मला वाटलं, झालं. मग बाबांनी फोन घेतला. ताप उतरलाय, ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले धोका टळलाय असं आत्ता म्हणत नाही, पण उतरलाय. बाबांना फोनवर बोलायची सवय नव्हती.

“मनू,” ते म्हणाले, “तू जेवलीस का?”

दादाची ट्रीटमेंट पुढे दोनेक वर्षं चालली आणि तो वाचला. आज तो डोंबिवलीला असतो, गुडघ्यांच्या तक्रारी सांगतो. बंड्या मात्र त्याला परत कधी हातावर घेता आली नाही. ती आत्याच्याच घरी राहिली, आणि त्याला परवानगी मिळायच्या आधीच्या थंडीत, एका सकाळी फांदीवर बसल्या बसल्या गेली. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, माझ्यामुळे तुझा तो उन्हाळा गेला. मी म्हटलं, नाही रे. यापेक्षा नीट उत्तर मला आजही देता येणार नाही.

पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं. मी बाबांना सांगितलं, नाही जेवले. कालपासून माझ्या पोटात काही नाही हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. आत्याने उकड्या तांदळाची पेज गरम केली, सुक्या जवळ्याची चटणी काढली आणि दोन ताटल्या घेऊन बाल्कनीतच आली. आम्ही पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसून जेवलो. मी तीनदा पेज मागून घेतली. चौथ्यांदा ताटली पुढे केली. आत्याने आपल्या ताटलीतली पेज माझ्या ताटलीत ओतली आणि पातेलं आणायला आत गेली.